परतीचा दंडवत

"...पण बाबा, जो माणूस देवापुढे वाकत नाही, त्याच्या घरी मठाचं पाणी द्यायचं का?"

लक्ष्मीधराने ओट्यावर बसलेल्या बाबांना विचारलं.

अंगणात हापशाजवळ जिजा उभी होती. काखेत रिकामा हंडा, आणि पदर धरून मागे तिची पोर बकुळा. प्रश्न त्यांच्याचबद्दल होता आणि त्यांच्याचसमोर विचारला होता. लक्ष्मीधराला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हा लक्ष्मीधर कोण ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला दुष्ट समजाल. तो दुष्ट नव्हता. तो बरोबर होता. सदान्कदा बरोबर, आणि असल्या माणसांची मला जास्त धास्ती वाटते. मठात येण्याआधी तो तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायचा. मग वैराग्य आलं, कपडे बदलले, पोथ्या तोंडपाठ केल्या. प्रयोगशाळेतला काटेकोरपणा मात्र जसाच्या तसा राहिला.

बोरतळी हे खडकाळ टापूतलं गाव. तिथला मठ छोटा, ओटा आणि दोन खोल्या. पद्मनाभबाबा तिथले महंत, आणि त्यांच्या पाठीमागे सगळा कारभार लक्ष्मीधराच्या हातात.

या मठाची एक रीत होती. कोणी तुम्हाला दंडवत घातला, तर तुम्हीही गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून त्याला दंडवत घालायचा. घालणारा लहान असो, मोठा असो, मजूर असो की महंत असो. याला परतीचा दंडवत म्हणत. तो चुकवणं म्हणजे समोरच्यातल्या देवाला नाकारणं, अशी समजूत होती.

लक्ष्मीधर नवा नवा आला, तेव्हा बाबा चातुर्मासासाठी दुसऱ्या मठात गेले होते. गाव गोळा झालं. लक्ष्मीधराने एकेका माणसापुढे दंडवत घातला. कॉलेजातला शिकला-सवरलेला माणूस मातीला कपाळ लावतोय, लोकांना कौतुक वाटलं. जो तो परत वाकला. म्हातारेकोतारे खांबाला धरून निदान गुडघ्यापर्यंत तरी वाकले.

एक माणूस वाकला नाही. कवडू.

कवडू तेव्हा तरणा होता. पोत्यावर पोतं उचलणारा म्हणून पंचक्रोशीत नाव होतं त्याचं. तो तसाच उभा राहिला, समोर बघत. ना खाली बघितलं, ना हात जोडले. लक्ष्मीधर मातीत कपाळ टेकवून वाट बघत राहिला. शेवटी आपला आपण उठला. कपाळाची माती त्याने पुसली, पण ती गोष्ट काही पुसली गेली नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने नियम केला. मठाच्या हापशावर पाणी न्यायचं, तर घरच्या कर्त्याने आधी ओट्यापुढे दंडवत घालायचा. अर्धा चालेल, पण घालायचा. बाबा परत आले तेव्हा नियम लागू होऊन गेला होता. लक्ष्मीधराने कारण नीट समजावून सांगितलं. बाबांनी कवडूला निरोप धाडला, कवडू आला नाही. बाबांनीही मग लावून धरलं नाही. हे त्यांचं चुकलं, आणि ते पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

जिजा कवडूची बायको. तिच्या पोटात तेव्हा बकुळा होती. ती एकदा हंडा घेऊन आली. लक्ष्मीधर म्हणाला, मालकाला घेऊन ये. ती रडत परत गेली. त्या दिवसापासून कवडूच्या घरी मठाचं पाणी गेलं नाही.

मग काय पीत होते ते? गावाखालच्या नाल्यात झिरा होता. रेतीत खड्डा केला की आजूबाजूने पाणी झिरपून येतं, त्याला तिकडे झिरा म्हणतात. गढूळ पाणी. हंडा भरायला सकाळ जायची. मठात हापसा आल्यापासून गावाने झिऱ्याकडे पाठ फिरवली होती. पाणी तुटल्यावर कवडू तेवढा परत तिकडे वळला. बकुळा त्याच पाण्यावर जन्मली, त्याच पाण्यावर वाढली.

यंदा नाल्यातली रेती ट्रक भरभरून कोणी कोणी उचलून नेली. झिरा खोल गेला, मग आटत आला. म्हणून जिजा आज मठात उभी होती.

"मोठ्याइचं कसंबी भागते, बाबाजी," ती म्हणाली. "पोरीले तं पाणी पायजे. मालकाच्या वाट्याचा दंडवत मी घालतो. पोरगीबी घालन."

बाबांनी पोरीला हाताने जवळ बोलावलं.

बकुळा आली. ओट्यापुढे गुडघे टेकले, कपाळ टेकवलं, उठली. वाऱ्याने गवत हलावं इतकं सहज. गावातलं इतकं सरळ वाकणारं माणूस बाबांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांना हसू आलं. ते हसले म्हणून ती पण हसली.

आणि बाबांचं हसू थांबलं.

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

हापशावर दुसरी पोरं पाणी भरत होती. बाबांनी त्यांना हाक मारली. म्हणाले, हसा रे. पोरं लाजली, एकमेकांना कोपरं मारली, आणि हसली. सगळ्यांचे दात पिवळे-तपकिरी. काहींच्या दातांवर तर आडव्या काळ्या रेघा.

आता यात नवीन काही नव्हतं. बोरतळीचे दात असेच, हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. सोयरीक करायला आलेले पाव्हणे आधी पोरीला हसवून बघायचे. कोणी म्हणायचं तंबाखू, कोणी म्हणायचं मिश्री. लक्ष्मीधराने तर दर एकादशीला पोरांना रांगेत बसवून कडुलिंबाच्या काड्या वाटल्या होत्या, आणि दात घासत नाही म्हणून कान पिळले होते. पोरं बिचारी घासायची. हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासायची.

एकट्या बकुळाचे दात दुधासारखे पांढरे होते.

"ही कुठलं पाणी पिते?" बाबांनी विचारलं.

जिजाने सांगितलं. झिऱ्याचं. जन्मापासून.

"...आणि मठाचं?"

"तुमी देल्लं कुठी, बाबाजी?"

बाबांची नजर हापशावरच्या पोरांकडे गेली. मग लक्ष्मीधराला म्हणाले, "तुझ्या कॉलेजात पाणी तपासायचे ना?"

लक्ष्मीधराला ते लागलं. मठाच्या पाण्याची तपासणी? ज्या पाण्याचा पहिला थेंब गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या ओठाला लावतात, त्याला परीक्षानळीत घालायचं? तो म्हणाला, त्या गढूळ झिऱ्याचं पाणी तपासलं तर एकवेळ समजू शकतो.

"दोन्ही तपास," बाबा म्हणाले.

मग ते जिजाकडे वळले. आवाज फार हळू झाला होता. "आज इथलं पाणी नेऊ नको, माय."

जिजाने एवढंच ऐकलं, की बाबांनीही नाही म्हटलं. तिने पोरीचं मनगट धरलं आणि ती निघून गेली. लक्ष्मीधराला वाटलं, आपलंच खरं ठरलं. बाबांनी तिला मागे बोलावून कारण का सांगितलं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलंय. मला वाटतं, ते कारण त्यांना स्वतःलाच अजून उच्चारवत नव्हतं.

लक्ष्मीधर कॉलेजात जाऊन तपासणीची पेटी घेऊन आला. येताना झिऱ्यावर वाकून एक बाटली भरली. दुसरी हापशावर भरली, तीही चार पदरी फडक्यातून गाळून. मठात पाणी गाळूनच प्यायचे. त्यात किडामुंगी मरू नये, एवढी काळजी तिथे होती.

गाव जमलं. बरीच मंडळी तमाशा बघायला आली होती. कवडूच्या झिऱ्यात काय काय घाण निघते, याची त्यांना उत्सुकता होती. कवडू आला नव्हता. जिजा आली होती, दूर निंबाखाली उभी होती.

लक्ष्मीधराने प्रयोगशाळेतल्या सवयीने आधी समजावून सांगितलं. या बाटलीत लाल औषध आहे. पाण्यात टाकलं की पाणी गुलाबी होतं. गुलाबी राहिलं तर पाणी चांगलं. पिवळं पडलं तर त्यात फ्लोराइड जास्त. ते खडकातून पाण्यात उतरतं, आणि जितकं खोल जावं तितकं जास्त सापडतं. ते दिसत नाही, वास येत नाही, चव लागत नाही.

झिऱ्याच्या पाण्यात त्याने थेंब टाकले. गढूळसर गुलाबी रंग आला आणि टिकला.

मठाच्या पाण्यात थेंब टाकले. नितळ पाणी, सुंदर गुलाबी झालं. लोकांनी माना डोलावल्या.

मग ते पिवळं पडलं.

लक्ष्मीधराने नळ्या धुतल्या. पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून स्वतः हापशावर जाऊन ताजं पाणी आणलं, सगळ्यांच्या देखत. तेही पिवळं. मग त्याने औषधावर संशय घेतला, पेटीवरची तारीख बघितली, नळी उन्हात धरली, सावलीत धरली. शेवटी नळी खाली ठेवली.

कोणीतरी विचारलं, जाड फडक्याने गाळलं तर? तो म्हणाला, विरघळलेलं फडक्यात अडकत नाही. उकळलं तर? उकळलं तर पाणी उडून जातं आणि ते मागेच राहतं.

"पण याने होते काय?" देवकाबाईने विचारलं. ही गावातली जुनी सुईण. तिचा नातू मांडीवर होता. त्याचे पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वाकलेले, चालला की बदकासारखा डुलायचा.

लक्ष्मीधर सांगू लागला. हे त्याला येत होतं, शिकवलेलंच होतं त्याने कधीकाळी. आधी दात जातात, तो म्हणाला. मग ते हाडांत उतरतं. पोरांचे पाय वाकतात. मोठ्यांचे सांधे आखडतात, कंबर, पाठ. कधी कधी तर तरण्या माणसाचीही मान आखडते, मग त्याला खाली बघता येत नाही, त्याला...

तो थांबला.

लोक वाट बघत राहिले. निंबाखाली उभ्या जिजाकडे त्याने एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. धट्टाकट्टा म्हणून ज्याचं नाव, त्या माणसाने भर गावात कसं सांगावं, की मला वाकता येत नाही? त्यापेक्षा गर्विष्ठ म्हणवून घेणं परवडलं. कवडूने तेच पत्करलं होतं, इतकी वर्षं.

"माह्या नातवाचे पाय सरळ होतीन का?" देवकाबाईने विचारलं.

लक्ष्मीधराला खोटं बोलता येत नव्हतं. त्या दिवशी यायला हवं होतं, असं मला वाटतं. पण तो म्हणाला, इथून पुढे बिघडायचं थांबेल. झालंय ते मात्र फारसं परत येत नाही.

देवकाबाई रागावली नाही. तिने नातवाच्या पायावरून हात फिरवला आणि ओट्यावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. "तुमीच पाजलं ना, बाबाजी," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. ती फक्त आठवत होती.

खरंच होतं ते. लक्ष्मीधर यायच्या पुष्कळ आधी मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा बाबांनी दारोदार झोळी फिरवून बोअर मारून घेतली होती. खडक फोडत फोडत मशीन खोल खोल गेलं, आणि एका दुपारी पांढरंशुभ्र पाणी वर उसळलं. बाया नाचल्या. म्हातारी माणसं रडली. बाबांनी पहिलं पाणी स्वतःच्या हाताने वाटलं, एकेकाच्या ओंजळीत. पीत नाही म्हणणाऱ्याला आग्रह करून पाजलं. मग बाळांच्या ओठाला थेंब लावायची रीत पडली, तीही बाबांनीच पाडली. गावात असं एकही लेकरू नव्हतं ज्याला बाबांनी आपल्या बोटाने पाणी चाखवलं नव्हतं.

एक सोडून.

बाबांनी हापशाचा दांडा काढायला सांगितला. लोक बिथरले. काही जण म्हणाले, रंगाच्या पाण्यावर काय भरवसा. काही जण म्हणाले, आता प्यायचं काय, दगड? एकाने तर हापशाला मिठी मारली. बाबा उठून आले आणि त्या माणसाच्या शेजारी उभे राहिले. थोड्या वेळाने त्यानेच हात सोडले, आणि पाना आणून दांडा काढूनही तोच देऊ लागला.

गाव पांगलं. अंगणात दोघेच उरले.

"बाबा," लक्ष्मीधर म्हणाला, "तुम्ही परतीचा दंडवत कधीपासून घालत नाही?"

बाबांनी आठवायचा प्रयत्न केला. पूर्वी ते घालायचे. मग नुसते हात जोडू लागले. लोकांनी त्यात वेगळं काही पाहिलं नाही. बाबा आता मोठे झाले, असं सगळ्यांनी धरलं. लक्ष्मीधरानेही तेच धरलं होतं.

"मला वाटलं, वय झालं," बाबा म्हणाले.

त्यांनी हनुवटी छातीला टेकवून बघितली. टेकली नाही. बऱ्याच वर होती.

लक्ष्मीधर हुंदके देऊन रडला. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही. कवडूने मान वाकवली नाही म्हणून त्याने पाणी तोडलं, आणि बाबांनी वाकवली नाही तेव्हा त्याच गोष्टीला मोठेपण म्हटलं. दुखणं एकच होतं. हे त्याचं त्यालाच दिसलं, कोणाला दाखवून द्यावं लागलं नाही.

पण माणूस हिशेबी होता. रडून झाल्यावर मन लगेच बाजू शोधू लागलं.

"बाबा... मी केलं ते पाप. पण मी नाकारलं म्हणूनच ती पोर वाचली. तुम्ही मायेने दिलं, ती पोरं..." तो अडखळला. "मग हे मी काय समजू?"

बाबा दांडा नसलेल्या हापशाकडे बघत होते.

"सांगा ना, बाबा."

"झिऱ्यावरून रोज पाणी कोणी आणलं?"

"...कवडूने."

"मग तू कुठून आलास मधे?"

लक्ष्मीधराने मान खाली घातली.

"मी कुठे आलो, ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले, आणि आत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी पाणी घेतलं नाही. लक्ष्मीधराने तांब्या नेऊन ठेवला, मग त्याच्याच लक्षात आलं की आपण काय ठेवलंय, आणि त्याने तो परत उचलला. मठात द्यायला दुसरं पाणीच नव्हतं.

सकाळी बाबा काठी घेऊन नाल्याकडे निघाले. मागे लक्ष्मीधर, खांद्यावर फावडं. वाटेत काही लोक सामील झाले, काही दारात उभे राहून बघत राहिले. देवकाबाई नातवाला कडेवर घेऊन आली.

नाल्यात रेती उचलून नेल्याचे मोठे मोठे खड्डे पडले होते. एका कडेला, जिथे ट्रकला जाता आलं नाही तिथे, थोडी रेती शिल्लक होती. तिथे जिजा खोदत होती. खोल गेली होती, नुसतं डोकं दिसत होतं. बकुळा टोपलीने रेती बाजूला टाकत होती.

कवडू काठावर बसला होता. पाय लांब, पाठ सरळ. हातात एक लांब काठी, काठीच्या टोकाला नारळाची करवंटी बांधलेली. जिजा बाजूला झाली की तो काठी खाली सोडायचा, खड्ड्यात जमलेलं पाणी करवंटीत घ्यायचा आणि न वाकता, न सांडता हंड्यात ओतायचा. काठीचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं.

लक्ष्मीधर त्या काठीकडे बघत राहिला.

कवडूने मान वळवली नाही. मान वळतच नव्हती. अख्खं अंग वळवून त्याने बाबांना पाहिलं आणि उठायची धडपड केली. बाबांनी हाताने थांबवलं. पण कवडू ऐकतो कसला. दारात नाही तर झिऱ्यावर, आलेलं माणूस ते पाव्हणंच. वर चढून आलेल्या जिजाच्या खांद्याचा आधार घेऊन तो उभा राहिला.

सगळे खोदू लागले. कालचे तमाशा बघणारेही खाली उतरले. रेती ओली लागली, मग गारगार लागली, मग कडेने पाणी पाझरायला लागलं. फार नव्हतं. गावाला पुरणारं तर नव्हतंच. लक्ष्मीधर म्हणाला, तो बांध घालायची खटपट करील, रेतीचे ट्रक अडवील, दुसरीकडच्या उथळ विहिरी तपासून बघील. हे सगळं तो भराभरा बोलला. देवकाबाईचा नातू रेतीत खेळत होता, पडत होता, उठत होता.

बाबा कवडूपुढे जाऊन उभे राहिले.

दोघेही सारखेच सरळ. एक म्हातारा आणि एक म्हाताऱ्यासारखा दिसणारा. बाबांनी काठी टाकली, गुडघे वाकवायला गेले. चेहरा वेदनेने पिळवटला. अर्ध्यावर थांबले, आणि तिथून ना खाली जाता येईना, ना वर. कवडूने हात पुढे करून त्यांना धरलं, नाहीतर पडले असते. दोघे तसेच एकमेकांना धरून उभे राहिले. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"तुझं पाणी तुटलं तेव्हा मी विचारायला यायला हवं होतं," बाबा म्हणाले.

"येऊन काय केलं असतं, बाबाजी?" कवडू म्हणाला. "पाजलंच असतं ना."

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं असावं. त्याने पोरीला खूण केली. बकुळाने हंड्यातून लोटा भरला, फडक्याने गाळला आणि बापाच्या हातात दिला. उकळायला हवं, हे लक्ष्मीधराच्या ओठावर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक बरोबर गोष्ट गिळली.

कवडूने लोटा त्याच्यापुढेच धरला.

"घ्या, महाराज," तो म्हणाला. "गूळ नाई आणला सोबत. नुसतंच पाणी हाये."

जिजाने तोंड फिरवलं. तिने माफ केलं नव्हतं. मला तर तीच खरी वाटते.

लक्ष्मीधराला लोटा घेववेना. त्या पहिल्या दिवशी तो याच माणसापुढे वाकला होता आणि वाट बघत राहिला होता. आज त्याला काही परत नको होतं. त्याने उपरणं कमरेला बांधलं, हात जोडले, आणि त्याचे गुडघे रेतीकडे झुकले.

कवडू लोटा धरून उभा होता. त्याने पाहिलं, काय होऊ घातलंय ते. त्याची नजर गर्दीवरून फिरली, आणि चेहऱ्यावर तीच लाज आली जी त्या पहिल्या दिवशी कोणी ओळखली नव्हती. गळ्याच्या शिरा ताणल्या. तो वाकायचा प्रयत्न करत होता.

बाबांनी मागून लक्ष्मीधराचा दंड घट्ट धरला.

"नको, लक्ष्मीधर... उभ्यानेच घे. त्याला परत वाकता येत नाही."